चिठ्ठी लिहिली, पण वाचणार कोण?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपच्या ऑफिसमधून मला दर दोन-तीन दिवसांनी फोन यायचा, आणि तो हमखास संध्याकाळी पाच-साडेपाचला. "काय ओ सर, शंभरची लाईन घेतलीया आणि पुण्याच्या पार्टीला तीन-तीनदा हॅलो हॅलो करायला लागतंय. आमचा आवाज तुटक जातोय म्हणं त्यांना." मी जाऊन स्पीड टेस्ट लावायचो, काटा शंभरच्या आसपास. मालक माझ्याकडे बघायचे, मी काट्याकडे.

तिसऱ्या खेपेला मी काट्याचा दुसरा भाग नीट पाहिला. शंभर एमबीपीएस होते ते आत येणाऱ्या डेटाचे. बाहेर जाणाऱ्याला जेमतेम चार. आणि बरोबर पाचला सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगचा आणि डिझाइनच्या फायलींचा बॅकअप सुरू व्हायचा, तो याच चार एमबीपीएसच्या बोळातून. मालकांचा पहिला प्रश्न सरळ होता : "मग दोनशेची लाईन घ्यायची काय?"

नको. त्यांचे फोनही याच इंटरनेटच्या लाईनीवरून बोलायचे, पण त्यांची गरज फार थोडी होती. साध्या टेलिफोन दर्जाच्या आवाजाचे दर वीस मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला पन्नास पॅकेट (डेटाची छोटी पाकिटं) निघतात. एकात आवाजाचे १६० बाइट आणि वर पत्त्याबित्त्याचे ४०. एकूण हिशेब ८० केबीपीएसचा, आणि हजार केबीपीएसचा एक एमबीपीएस. चार एमबीपीएसमधला हा फक्त दोन टक्के वाटा. जागा भरपूर होती, पण बॅकअपवाल्यांची रांग पुढे उभी होती.

हंगामात शिरोळ नाहीतर कागल रस्त्याला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुढे ट्रॅक्टर, त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या, वर मोठ्याने लावलेली गाणी. त्याच्यापुढे तसाच आणखी एक, त्याच्यापुढे आणखी. आपण मोटारसायकलवर. आपल्याला जागा किती लागते? हातभर. पण त्या हातभर जागेसाठी अख्ख्या रांगेच्या मागे रांगायचं.

आकड्यात मांडू. बॅकअपचं एक पॅकेट साधारण १५०० बाइटचं. चार एमबीपीएसच्या लाईनीवरून ते बाहेर पडायला तीन मिलिसेकंद लागतात. मॉडेममध्ये थांबायला जागा असते, समजा ५१२ किलोबाइट. तिथे साडेतीनशे पॅकेट सहज उभी राहतात. आता आवाजाचं एखादं पॅकेट आलं, तर त्याच्या आधी साडेतीनशे गुणिले तीन, म्हणजे एक सेकंदाहून जास्त वेळ जाणार. फोनवरचं बोलणं सहज वाटायला एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचावं, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. इथे आम्ही त्याच्या सातपट. बॅकअपला मात्र सेकंदभर उशिराचं सोयरसुतक नाही, तो रात्रभरात कधीही संपला तरी चालतो.

मग मॉडेमने किंवा राउटरने आपण होऊन आवाजाला पुढे का काढू नये? कारण त्याला आवाज ओळखू येत नाही. आजकाल जवळजवळ सगळं कुलूपबंद असतं, आतलं काही दिसत नाही. बाहेरून दिसतं ते एक पाकीट, त्यावर 'कुणाकडून' आणि 'कुणाकडे'. आत फोन आहे की फोटो हे एकालाच ठाऊक : ज्याने ते पाकीट भरलं त्या अ‍ॅपला. म्हणून अ‍ॅपने पाकिटाच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात एक चिठ्ठी लिहावी, 'हे आवाजाचं आहे, थांबवू नका', आणि वाटेतल्या यंत्रांनी ती वाचावी, अशी ही योजना आहे. वशिल्याच्या चिठ्ठीवर आपल्याकडे शाळेच्या प्रवेशापासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंत काय काय चालतं, ते कोल्हापूरकरांना मी काय सांगणार. इंटरनेटवरची चिठ्ठीही थोडीफार तशीच आहे. पुढचा माणूस मानणारा असेल तर सोनं, नसेल तर कागद.

चिठ्ठीची जागा नवी नाही. १९८१ च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला आरएफसी ७९१ हा दस्तऐवज निघाला (इंटरनेटचे नियम ज्यांत लिहितात त्या क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात). आयपी म्हणजे पाकिटं पत्त्यावर पोचवायची पद्धत. तिच्या आजही चालणाऱ्या चौथ्या आवृत्तीचे नियम त्यात आहेत. प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावरचा दुसराच बाइट त्यांनी या कामासाठी राखून ठेवला आणि त्याला 'टाइप ऑफ सर्व्हिस' म्हटलं. काम अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेलं, त्यामुळे प्राधान्याच्या पायऱ्यांची नावंही लष्करी तारांवरून आलेली : रुटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड. एका बाइटात आठ बिट असतात. त्यातले पहिले तीन या पायरीसाठी, पुढचे तीन 'उशीर नको', 'जास्त माल जाऊ दे', 'विश्वासाने पोचव' अशा तीन मागण्यांसाठी. कागदावर झकास. प्रत्यक्षात सार्वजनिक इंटरनेटवर त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही.

नव्वदच्या दशकात दुसरा मार्ग निघाला. चिठ्ठी नकोच, सरळ आरक्षण करा. बोलणं सुरू होण्याआधी अ‍ॅपने वाटेतल्या प्रत्येक राउटरला विचारायचं, 'एवढी जागा माझ्यासाठी ठेवतोस का?', आणि सगळ्यांनी होकार दिला की मग बोलायचं. १९९७ मध्ये आरएसव्हीपी नावाने याचे नियमही ठरले. अवयवदानाच्या वेळी पोलिस 'ग्रीन कॉरिडॉर' करतात ना, तसं. एका रुग्णवाहिकेसाठी ते जमतं. पण मधल्या मोठ्या राउटरमधून एकाच वेळी लाखो संभाषणं जातात, आणि प्रत्येकाचं आरक्षण लक्षात ठेवत बसणं त्याला परवडत नाही. मोठ्या इंटरनेटवर तो मार्ग चालला नाही.

म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये पुन्हा जुन्याच बाइटाकडे वळून त्याची नव्याने मांडणी केली. आठातले पहिले सहा बिट नव्या चिठ्ठीला दिले. तिचं नाव डीएससीपी. सहा बिटांत ० ते ६३ असे चौसष्ट आकडे बसतात. उरलेले दोन बिट २००१ मध्ये वेगळ्या कामाला लागले. पाकीट फेकून देण्याऐवजी 'पुढे गर्दी आहे' अशी खूण त्यावर करायची सोय, म्हणजे ईसीएन. (हे दोन बिट लक्षात ठेवा, त्यांनी एकदा माझा पोपट केला आहे.) आयपीच्या सहाव्या आवृत्तीत बाइटाचं नाव 'ट्रॅफिक क्लास' झालं, आतली मांडणी तीच.

या मांडणीतली खरी हुशारी अशी की राउटरला कुणाचंही संभाषण लक्षात ठेवावं लागत नाही. साखर कारखान्याच्या यार्डात बैलगाड्यांची रांग वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी, ट्रकची वेगळी. वजनकाट्यावरच्या माणसाला ऊस कुठल्या गावच्या कुणाचा आहे हे ठाऊक असायची गरज नाही, कुठल्या रांगेतून आता गाडी घ्यायची एवढं कळलं की झालं. राउटरही तेवढंच करतो. आकडा बघतो, ठरलेल्या रांगेत लावतो, विसरून जातो. पुढच्या राउटरवर पुन्हा तेच. म्हणजे चिठ्ठीत 'मला दीडशे मिलिसेकंदांत पुण्याला पोचवा' असं वचन मागितलेलं नसतं. 'प्रत्येक नाक्यावर मला या जातीचा धरा' एवढीच विनंती असते.

चौसष्टपैकी रोजच्या वापरात मोजकेच आकडे येतात. शून्य म्हणजे काहीच न लिहिलेलं, आणि बहुतेक पाकिटं अशीच असतात. ४६ हा आवाजाचा मानाचा आकडा. त्याची रांग आधी रिकामी करायची, मगच बाकीच्यांकडे बघायचं. मात्र त्या रांगेलाही मर्यादा घालावी लागते, नाहीतर ४६ वालेच रस्ता खातील आणि बाकीचे उपाशी राहतील. व्हिडिओ मीटिंगसाठी ३४, ३६ आणि ३८ असं त्रिकूट आहे, आणि ते मला फार आवडतं. तिघांची रांग एकच. फरक एवढाच की गर्दी इतकी झाली की काही टाकूनच द्यावं लागेल, तेव्हा आधी ३८ टाका, मग ३६, आणि ३४ ला शक्यतो हात लावू नका. चित्राचा जो भाग गेला तर अख्खं दृश्य विस्कटेल त्यावर ३४ लिहायचं, जो गेला तरी फारसं बिघडणार नाही त्यावर ३८. काय जाऊ द्यावं हेसुद्धा अ‍ॅपनेच सांगायचं.

आता अ‍ॅप हे लिहितं कसं? पाकीट अ‍ॅप स्वतः बांधत नाही, ते काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. अ‍ॅपकडे असतं ते सॉकेट, म्हणजे नेटवर्ककडे उघडणारी खिडकी. लिनक्समध्ये त्या खिडकीवर 'सेटसॉकऑप्ट' नावाच्या एका हाकेने 'आयपी टॉस' हा पर्याय लावला, की तिथून निघणाऱ्या प्रत्येक पाकिटावर तो आकडा छापला जातो. एका ओळीचं काम.

त्या एका ओळीत मी आपटलो होतो. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यासाठी आवारातल्या आवारात बोलायचं छोटं इंटरकॉम अ‍ॅप लिहिलं, आवाजाचा आकडा ४६ म्हणून ओळीत ४६ टाकला आणि खुशीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी वायरशार्क या नेटवर्कवरची पाकिटं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ती उघडून बघतो तर आकडा ११! कारण ती ओळ सहा बिटांची चिठ्ठी मागत नाही, आख्खा आठ बिटांचा बाइट मागते. चिठ्ठी डावीकडे बसते, म्हणून आकडा चारने गुणून द्यायचा : ४६ चोक १८४. मी नुसते ४६ दिले, ते आठ बिटांत ००१०१११० झाले. त्यातले पहिले सहा ००१०११, म्हणजे ११. उरलेले दोन १०, आणि ईसीएनच्या भाषेत त्याचा अर्थ 'मला गर्दीची खूण कळते, मला फेकू नका, खूण करा'. माझ्या अ‍ॅपला त्या खुणेतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणजे मानाच्या रांगेत तर लागलोच नाही, वर खोटा दाखला दिला. हीच चूक नंतर मी इतरांच्याही कोडमध्ये पाहिली, तेव्हा जरा बरं वाटलं.

विंडोजची तऱ्हा वेगळी. तिथे ही ओळ लिहिली तर चूक दाखवत नाहीत, पण आकडाही सहसा छापत नाहीत. त्यांचा हिशेब असा की कुठल्याही प्रोग्रामने उठून स्वतःला व्हीआयपी ठरवू नये. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून त्यासाठी क्यूवेव्ह नावाचा वेगळा मार्ग आहे. त्यात अ‍ॅप 'माझा हा प्रवाह आवाजाचा आहे' असा प्रकार सांगतं, आणि स्वतःच्या मर्जीचा नेमका आकडा टाकायचा तर प्रशासकाचे अधिकार लागतात. ऑफिसचा सिस्टिम सांभाळणारा ग्रुप पॉलिसीतून 'या नावाच्या प्रोग्रामला हा आकडा' असंही बांधून देऊ शकतो. आयफोन-मॅकवरही अ‍ॅपने प्रकार सांगायचा, पुढचं सिस्टिम बघते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या व्हिडिओ कॉलच्या पानाच्या हाती तर कमी, मध्यम, जास्त अशा पायऱ्याच असतात. त्यांचे आकडे कसे करायचे याचे नियम २०२१ मध्ये ठरले. माझं मत विचाराल तर 'प्रकार सांगा, आकडा आम्ही टाकतो' हीच रीत शहाणपणाची. माझ्यासारख्याने ४६ चे ११ करण्यापेक्षा बरं.

एकच प्रोग्राम दोन चिठ्ठ्याही लिहू शकतो. दूरच्या संगणकावर काम करायला ओपनएसएसएच वापरतात. २०१८ पासून २०२५ पर्यंतच्या त्याच्या आवृत्त्यांत, तुम्ही कळफलकावर टाइप करत असाल तर तो १८ लिहायचा आणि फाइल पाठवत असाल तर ८, म्हणजे मागच्या रांगेचा. २०१८ मध्ये जुने बदलून हे आकडे आले तेव्हा काही ठिकाणी, ओळखीचा आकडा नाही म्हणून, मधल्या यंत्रणांनी कनेक्शनच तोडली. नवीन चिठ्ठी बघून शिपायाने माणसालाच हाकलावं तसं.

लिहिणं झालं, आता वाचणाऱ्यांकडे येऊ. पहिला वाचणारा म्हणजे वाय-फाय, आणि खरं तर चिठ्ठीचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो, कारण हवेत सगळ्यांची एकमेकांशी झोंबाझोंबी असते. वाय-फायमध्ये चार रांगा आहेत : आवाज, व्हिडिओ, साधं आणि मागचं. बोलायच्या आधी प्रत्येकाने थोडं थांबायचं असतं. आवाजाच्या रांगेला कमी थांबावं लागतं, मागच्या रांगेला जास्त. पण बरीच यंत्रं रांग ठरवताना सहातले पहिले तीनच बिट बघतात. ४६ म्हणजे १०१११०. पहिले तीन १०१, म्हणजे ५. आणि वाय-फायच्या यादीत ५ आहे व्हिडिओचा! आवाजाला ६ किंवा ७ लागतो. म्हणजे जगभरचे आयपी फोन (इंटरनेटच्या लाईनीवरून बोलणारे) इमानेइतबारे ४६ लिहीत राहिले आणि वाय-फाय त्यांना व्हिडिओच्या रांगेत उभं करत राहिलं. '४६ ला आवाजातच बसवा' असं सांगणारा आरएफसी ८३२५ निघाला २०१८ मध्ये.

दुसरा वाचणारा ऑफिसचा राउटर. तो आपला आहे, सांगू ते ऐकतो. तिसरा इंटरनेट कंपनीचा, आणि तिथे आपली हद्द संपते. बऱ्याच कंपन्या आत येणाऱ्या पाकिटावरची चिठ्ठी सरळ पुसतात आणि शून्य करतात. राग येतो, पण त्यांच्या जागी बसून बघा. ४६ लिहायला पैसा पडत नाही. उद्या सगळी पिक्चर डाउनलोड करणारी अ‍ॅप ४६ लिहायला लागली तर? आपल्या गावात 'प्रेस' आणि 'पोलीस' लिहिलेल्या गाड्या मोजा आणि त्यातले पत्रकार-पोलिस किती ते मोजा. १ मे २०१७ पासून देशभर मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, तेव्हा कुठे रुग्णवाहिकेच्या दिव्याला जरा अर्थ आला. फुकटच्या व्हीआयपी चिठ्ठीचं असंच असतं. म्हणून ओळखीच्या हद्दीबाहेरून आलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही, हा नेटवर्कवाल्यांचा जुना दंडक आहे. हवी असेल तर कंपन्यांसाठीची वेगळी खासगी लाईन मिळते. तिच्या करारात कुठल्या आकड्याला किती जागा हे लिहिलेलं असतं, आणि त्याचे पैसे मोजावे लागतात.

इथे नेट न्यूट्रॅलिटीचा मुद्दा निघतो. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने ट्राय या दूरसंचार नियामकाच्या शिफारशी मान्य केल्या. मजकूर बघून कुणाला मुद्दाम हळू-जलद करायचं नाही, वाजवी वाहतूक नियोजनाला मुभा, असा त्याचा गाभा. आपल्या ऑफिसात, आपल्या राउटरवर आपण फोनला बॅकअपच्या पुढे काढलं तर त्याचा या वादाशी संबंध नाही. स्वयंपाकघरात कुणाला आधी वाढायचं हे घरचं बघतात.

आता पुन्हा उद्यमनगर. त्यांचे टेबलावरचे आयपी फोन आधीपासून ४६ लिहीत होते. पण रांग लागत होती इंटरनेट कंपनीच्या मॉडेममध्ये, आणि तो चिठ्ठी वाचत नव्हता. म्हणून आधी रांगच घरी आणली. लाईन चारची, तर आमच्या राउटरला सांगितलं की साडेतीनच्या वर बाहेर सोडायचं नाही. मॉडेममध्ये गर्दी होईना, गर्दी आमच्या राउटरमध्ये व्हायला लागली, आणि तिथे हुकूम आमचा. अर्धा एमबीपीएस सोडून देताना मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता. "दोनशे घेऊ म्हणलं तर हे उलट कमी कराय लागलंय!"

राउटरवर केक नावाची रांग लावली. ती २०१८ पासून लिनक्समध्येच येते. ती चिठ्ठी वाचून चार वर्गांत वाटणी करू शकते, आणि मुळात प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देते. त्यामुळे चिठ्ठी नसलेल्या बारक्या प्रवाहालाही बॅकअपच्या ढिगामागे ताटकळावं लागत नाही. खरं सांगायचं तर निम्मं दुखणं एवढ्यानेच गेलं.

उरलेल्या निम्म्यासाठी मी फोनला हात लावला नाही, बॅकअपला लावला. बॅकअपचं यंत्र स्वतः काही लिहीत नव्हतं, तर राउटरनेच त्याच्या पाकिटांवर मागच्या रांगेचा आकडा टाकायचा असं बांधलं. माझा कल हल्ली इकडेच आहे : वर चढवण्यापेक्षा खाली उतरवा. ४६ लिहिणाऱ्यावर शंका घ्यावी लागते, पण 'मला शेवटी सोडा, चालेल' असं खोटं कोण लिहिणार? ती चिठ्ठी बाहेरच्यानेही मानली तर त्याचं काही जात नाही. पूर्वी यासाठी ८ वापरायचे. पण १९८१ च्या नियमाने बघणाऱ्या जुन्या यंत्राला ८ हा शून्याच्या वरची पायरी वाटतो, म्हणजे मागे जायला निघालेला पुढे पोचतो. म्हणून २०१९ मध्ये १ हा आकडा खास या कामाला दिला. मी १ लावला. मोठ्या फायली पाठवणारं अ‍ॅप लिहीत असाल तर हा आकडा जरूर बघा. वाय-फायच्या जुन्या हिशेबात १ चे पहिले तीन बिट शून्यच येतात, त्यामुळे तिथे तो साध्याच रांगेत बसेल, पण निदान पुढे तरी जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी तिथेच बसलो होतो. बॅकअप चालू, पुण्याची पार्टी फोनवर, बोलणं दहा मिनिटं झालं आणि हॅलो एकदाच म्हणावं लागलं. मालकांनी चहा सांगितला आणि विचारलं, "म्हणजे आपली चिठ्ठी पार पुण्यापर्यंत वाचली म्हणायची?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पुण्याहून येणारी पाकिटं पडद्यावर सरकत होती आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीच्या जागी शून्य होतं. त्यांच्या फोनने काही लिहिलं असलंच तर ते आमच्यापर्यंत आलं नव्हतं. आमचे ४६ तिकडे पोचले असतील याची खात्री मीही देऊ शकत नव्हतो, कारण जाणारी चिठ्ठी वेगळी आणि येणारी वेगळी, एक लिहिली म्हणून दुसरी लागू होत नाही.

"मग त्यांचा आवाज एवढा साफ कसा काय?"

"येणारा रस्ता शंभरचा आहे, मालक. तिकडं ट्रॉल्याच न्हाईत."